व्हीएमसीवर दोन न्यूमॅटिक व्हाइस: पेडल, एम कोड, आणि मधेच हवा गेली तर?

भोसरी_व्हीएमसी (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

मशीन फानुक ०आय-एमएफ कंट्रोलची व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन). टेबलावर १५० मि.मी. जबड्याचे दोन न्यूमॅटिक व्हाइस, म्हणजे हवेवर चालणारे शिकंजे, शेजारी शेजारी बसवले आहेत. दोन्ही डबल अ‍ॅक्टिंग, म्हणजे हवेचे दोन-दोन पोर्ट. कॅटलॉगप्रमाणे ६ बारला १२ किलोन्यूटन पकड आणि हवेवर जबड्याची चाल ५ मि.मी. बाकीचं अंतर स्क्रूने सेट करायचं. जॉब ईएन८ पोलादाचा ठोकळा, ६० × ४० × ११०, आणि १६ मि.मी. एंडमिलने बाजूचं रफिंग.

सध्या प्रत्येक व्हाइसला हाताचा लिव्हर व्हॉल्व्ह आहे. अडचण अशी की एक लिव्हर उघडा राहिला तरी सायकल स्टार्ट लागते, मशीनला काहीच कळत नाही. म्हणून सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेच्या कॉइलने हलणारा), फूट पेडल आणि एम कोड (प्रोग्राममधून मशीनला दिलेला हुकूम) असं करायचं आहे.

विचारायचं ते असं. व्हॉल्व्ह सिंगल कॉइलचा घ्यावा की डबल कॉइलचा? प्रेशर स्विच नेमका कुठे बसवावा? कट चालू असताना लाईट किंवा हवा गेली तर जॉब सुटू नये यासाठी काय करावं? आणि लॅडरमध्ये (मशीनचे इनपुट-आउटपुट चालवणारा कंट्रोलमधला लॉजिक प्रोग्राम) एम कोडचं फिनिश, म्हणजे काम झाल्याचा सिग्नल, कसं द्यावं? लॅडर उघडा आहे, मशीन बनवणाऱ्याची परवानगीही आहे. त्यांच्या यादीत एम ८१ ते एम ८८ रिकामे आहेत.

---

हवा_आणि_व्हॉल्व्ह

आधी हवेचं बघू, लॅडरचं नंतर. हवेची जोडणी चुकली असेल तर लॅडर कितीही चांगला लिहिला तरी जॉब सुटणारच.

प्रत्येक व्हाइसला स्वतंत्र ५/२ (पाच पोर्ट, दोन जागा) डबल सोलेनॉइड व्हॉल्व्ह घ्या, कॉइल २४ व्होल्ट डीसी. हा व्हॉल्व्ह शेवटची जागा धरून ठेवतो. क्लॅम्पच्या कॉइलला अर्धा सेकंद पल्स दिला की स्पूल (आतला सरकता दांडा) सरकतो, मग कॉइल बंद झाली तरी तिथेच राहतो. लाईट गेली, इमर्जन्सी दाबली, २४ व्होल्टचा फ्यूज उडाला, तरी पकड तशीच. सिंगल कॉइलचा व्हॉल्व्ह घेतला आणि "कॉइल चालू म्हणजे क्लॅम्प" अशी जोडणी केली, तर इमर्जन्सी दाबताच आउटपुटची २४ व्होल्ट जाते, जबडा उघडतो आणि स्पिंडल अजून फिरतच असतो. इमर्जन्सी बटणानेच अपघात घडवायची ही जोडणी आहे. सिंगल कॉइल वापरायचाच असेल तर उलटं करा: कॉइल बंद म्हणजे स्प्रिंगने क्लॅम्प, कॉइल चालू म्हणजे उघडा.

डबल कॉइलच्या स्पूलला स्प्रिंग नसते, म्हणून तो उभा बसवू नका. उभा बसवला तर कंपनाने आणि स्वतःच्या वजनाने सरकू शकतो. स्पूलची लांबी आडवी येईल असा, आणि कॉलमवर नाही तर पॅनेलच्या मागच्या पत्र्यावर लावा. कूलंटच्या तुषारात अजिबात नको. एक्झॉस्टच्या सायलेन्सरमधून कूलंट आत गेला की काही महिन्यांत सील फुगतात आणि स्पूल अडकतो.

पोर्टची जोडणी: १ ला हवा, ४ क्लॅम्पला, २ अनक्लॅम्पला, ३ आणि ५ एक्झॉस्ट. २ नंबरच्या लाइनमध्ये व्हाइसजवळ फ्लो कंट्रोल घाला, बाहेर जाणारी हवा रोखणारा. क्लॅम्प होताना उघडणाऱ्या बाजूची हवा त्यातून हळू निघते आणि जबडा धाडकन आपटत नाही. बोटांसाठी हे आहेच, शिवाय जबड्याने ठोकर दिली की जॉब पॅरललवरून (खालच्या आधारपट्टीवरून) उचलतो, तेही टळतं. स्क्रूने सेट करताना उघड्या जबड्यात आणि जॉबमध्ये २ ते ३ मि.मी. एवढीच फट ठेवा. ५ मि.मी. चाल मिळते म्हणून पूर्ण ५ ची फट ठेवायचं कारण नाही. ४ च्या आत ठेवली तर बोट आत जातच नाही.

आता हवा गेली तर. याचे तीन वेगवेगळे प्रसंग आहेत आणि तिन्हींचा उपाय वेगळा आहे.

कॉम्प्रेसर बंद पडला किंवा मेन लाइनचं प्रेशर उतरलं: व्हॉल्व्हच्या आधी एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि त्यापुढे ५ लिटरची छोटी टाकी. क्लॅम्प झाल्यावर व्हाइस हवा खात नाही, टाकीला फक्त गळती भरून काढायची असते. गळती मिनिटाला १ लिटर मोकळ्या हवेएवढी असेल, तर ५ लिटरच्या टाकीत प्रेशर मिनिटाला ०.२ बारने उतरतं. म्हणजे ६ चे ५ बार व्हायला ५ मिनिटं. मशीन थांबवायला एवढा वेळ पुष्कळ आहे.

ट्यूब फाटली किंवा कनेक्टरमधून निघाली: इथे टाकीचा उपयोग नाही, उलट टाकीही रिकामी होते. त्यासाठी व्हाइसच्या क्लॅम्प पोर्टवरच पायलट ऑपरेटेड चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा, पायलट लाइनला प्रेशर आलं तरच उलट उघडणारा) बसवा आणि त्याचा पायलट अनक्लॅम्पच्या लाइनवरून घ्या. मागची ट्यूब तुटली तरी आतली हवा आतच राहते. मात्र दुरुस्तीच्या वेळी लक्षात ठेवा, मेन कॉक बंद केला आणि गेज शून्यावर आला तरी व्हाइसच्या आत पूर्ण प्रेशर असतं. त्या चेक व्हॉल्व्हला हाताने हवा सोडायची सोय असलेलाच घ्या आणि व्हाइसवर तशी पट्टी लावा.

तिसरा प्रसंग बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बऱ्याच नव्या मशीनच्या एअर युनिटवर डंप व्हॉल्व्ह असतो, इमर्जन्सी दाबली की तो मशीनची सगळी हवा बाहेर सोडतो. व्हाइसची हवा त्याच्या पुढून घेतली असेल तर वरचं सगळं निम्मं वाया. व्हाइससाठी टी त्या युनिटच्या आधी काढा आणि स्वतंत्र एफआरएल (फिल्टर, रेग्युलेटर, ल्युब्रिकेटर) लावा. फिल्टर ५ मायक्रॉनचा, तेल घालायचं असेल तर व्हीजी ३२. तेल एकदा सुरू केलं की बंद करू नका. कारखान्यात येतं ते ग्रीस तोपर्यंत धुऊन गेलेलं असतं आणि मग सील कोरडे चालतात.

ट्यूब ८ मि.मी. बाहेरच्या मापाची पुरते. टेबलावरचा भाग मात्र उघड्या पीयू ट्यूबचा नको, गरम चिप बसली की भोक पडतं. तेवढा भाग तारेच्या जाळीच्या होजमध्ये घ्या आणि एक्स-वाय दोन्ही टोकांना नेऊन होज ताणली जात नाही ना ते बघा.

प्रेशर स्विच मेन लाइनवर नको. तिथे तो "हवा आहे" एवढंच सांगतो, "व्हाइस धरला आहे" हे नाही. तो ४ नंबरच्या लाइनवर, चेक व्हॉल्व्ह आणि व्हाइस यांच्या मध्ये. चेक व्हॉल्व्हच्या अलीकडे लावला तर त्याला फक्त ट्यूबमधलं प्रेशर दिसतं. दोन व्हाइसना दोन स्विच. ५.२ बारला चालू, ४.८ ला बंद अशी सेटिंग करा. मधला फरक ठेवला नाही तर स्विच फडफडतो.

---

लॅडर_सातपूर

वरच्या उत्तराला पुढे जोडतो.

आधी बॅकअप. पॉवर ऑन करताना पडद्याखालच्या सर्वात उजवीकडच्या दोन सॉफ्ट की दाबून धरल्या की बूट स्क्रीन येतो. तिथून एसरॅम (पॅरामीटर, प्रोग्राम वगैरेची मेमरी) आणि पीएमसी लॅडर दोन्ही कार्डवर काढून ठेवा, मगच हात लावा. बदल झाल्यावर एफ-रॉममध्ये (कायमच्या मेमरीत) लिहायला विसरू नका, नाहीतर मशीन बंद-चालू केल्यावर जुना लॅडर परत येतो आणि "काल चालत होतं" म्हणत दिवस जातो.

वायरिंग: फानुकच्या आयओ कार्डचा एक आउटपुट साधारण २०० मिलीअँपियर देतो. ४.८ वॉटची कॉइल २४ व्होल्टला नेमके तेवढेच घेते. म्हणून कॉइल थेट जोडू नका, मध्ये रिले बोर्ड घ्या आणि प्रत्येक कॉइलवर उलटा डायोड लावा. डायोड नसेल तर कॉइल सुटतानाचा झटका शेजारच्या इनपुटवर खोटा सिग्नल आणतो. प्रेशर स्विच घेण्याआधी डीआयकॉमची (इनपुटच्या सामाईक तारेची) जोडणी बघा. ० व्होल्टला असेल तर पीएनपी (+२४ व्होल्ट बाहेर देणारा) स्विच लागेल.

एम कोड: एम ८१ पहिला व्हाइस क्लॅम्प, एम ८२ अनक्लॅम्प, ८३ आणि ८४ दुसऱ्याला. एफ हे कंट्रोलकडून लॅडरला येणारे सिग्नल, जी हे लॅडरकडून कंट्रोलला जाणारे, आणि आर हे लॅडरच्या आतले बिट. एम कोडचा आकडा एफ १० पासून बायनरीमध्ये येतो. डीईसीबी (आकडा ओळखणारी लॅडरची सूचना), म्हणजे सब २५, ने ८१ पासून आठ कोड एकदम आर बिटांवर उघडतात. एमएफ (नवा एम कोड आल्याचा सिग्नल) म्हणजे एफ ७.० आल्यावरच पल्स द्या.

फिनिश हा खरा मुद्दा. जी ४.३ हे फिन. बऱ्याच ठिकाणी "एम ८१ आला की फिन" असं लिहिलेलं सापडतं. म्हणजे व्हॉल्व्हला हुकूम गेला आणि लगेच पुढची ओळ सुरू, हवा अजून ट्यूबमध्येच असते. फिन द्यायचं ते "एम ८१ उघडला आहे, आणि पहिल्या व्हाइसचा प्रेशर स्विच चालू आहे, आणि तो चालू होऊन ३०० मिलीसेकंद झाले आहेत" यावर. सोबत ३ सेकंदांचा दुसरा टायमर ठेवा. तेवढ्यात प्रेशर आलं नाही तर १००० च्या मालिकेतला अलार्म द्या, २००० च्या मालिकेतला नुसता संदेश नको. कंट्रोल अलार्ममध्ये गेलाच पाहिजे.

एम ८१ नेहमी स्वतंत्र ओळीवर लिहा. अक्षाच्या हालचालीच्या ओळीत लिहिला तर एमएफ हालचालीसोबतच बाहेर पडतो. कोणी तरी कधी तरी तसं लिहिणारच, म्हणून लॅडरमध्ये डीईएन म्हणजे एफ १.३ ची अटही घाला. हालचाल संपल्याशिवाय व्हॉल्व्ह हलणार नाही.

अनक्लॅम्पच्या अटी, पेडल असो की एम कोड: स्पिंडल थांबलेला, एफ ४५.१. झेड पहिल्या रेफरन्स पॉइंटवर, एफ ९४.२. पेडलसाठी आणखी दोन, दार उघडं आणि एसटीएल (सायकल चालू असल्याचा सिग्नल) म्हणजे एफ ०.५ शून्य. इथे ओपी (ऑटो चालू असल्याचा सिग्नल) म्हणजे एफ ०.७ वापरू नका. एम ०० (प्रोग्राम मधेच थांबवणारा कोड) वर थांबल्यावरही ओपी १ च राहतो आणि पेडल चालत नाही. एसटीएल तेव्हा शून्य होतो. पण फीड होल्डलाही एसटीएल शून्य होतो आणि तेव्हा कटर जॉबमध्ये असू शकतो, म्हणूनच स्पिंडल आणि झेडच्या अटी सोडायच्या नाहीत.

सायकल स्टार्ट अडवायची रीत बघा, इथे हमखास चूक होते. लोक प्रेशर स्विचचा कॉन्टॅक्ट जी ७.२ म्हणजे एसटीच्या (सायकल स्टार्टच्या) ओळीत सिरीजमध्ये टाकतात. पण एसटी १ वरून ० वर येताना सायकल सुरू होते, बटण दाबताना नाही. बोट बटणावर असताना प्रेशर पडलं की एसटी खाली येतो, आणि कंट्रोलला वाटतं बटण सोडलं. म्हणजे नको त्या क्षणी सायकल सुरू. त्याऐवजी *एसपी (फीड होल्डचा सिग्नल) म्हणजे जी ८.५ शून्यावर धरा. *एसपी शून्य असताना स्टार्ट स्वीकारलीच जात नाही, आणि कट चालू असेल तर फीड थांबते. एकाच बिटात दोन्ही कामं होतात.

कट चालू असताना प्रेशर उतरलं तर एकच मर्यादा ठेवू नका. ५.० बारखाली नुसता संदेश द्या, चालू सायकल पुरी होऊ दे, पुढची सुरू करू नका. ४.२ बारखाली फीड होल्ड, आणि दोन सेकंदांनी जी २९.६ म्हणजे *एसएसटीपीने स्पिंडल बंद. थेट इमर्जन्सी द्यायची गरज नाही.

आणि पॉवर ऑनचा मुद्दा. डबल कॉइलचा व्हॉल्व्ह लाईट जाण्याआधी होता तिथेच असतो, पण तुमचा आर बिट मात्र शून्य झालेला असतो. "क्लॅम्प आहे" हे आर बिटावरून ठरवलं तर सकाळी लॅडर म्हणेल उघडा आणि व्हाइस असेल बंद. ते नेहमी प्रेशर स्विचवरूनच ठरवा. रीसेटने व्हॉल्व्ह हलता कामा नये, एम ३० (प्रोग्रामचा शेवट) नेही नाही.

---

भोसरी_व्हीएमसी

दोघांचेही आभार. एअर युनिट उघडून बघितलं, डंप व्हॉल्व्ह आहे आणि आमचा टी नेमका त्याच्या पुढेच होता. तो बदलतो.

आणखी दोन प्रश्न. शेजारच्या मशीनवर एअर गन मारली की मेन लाइन ६ वरून ५ च्या आसपास येते. स्विच ४.८ ला असेल तर सारखा अलार्म येईल का? आणि हाताने लोडिंग करत असताना एम ८२ प्रोग्रामच्या शेवटी लिहून जॉब आपोआप सोडावा, की पेडलनेच?

---

हवा_आणि_व्हॉल्व्ह

एअर गनने अलार्म यायचं कारण नाही. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या पुढचं प्रेशर मेन लाइनबरोबर उतरत नाही, टाकीत ६ राहतं. खरा त्रास गन बराच वेळ चालू असताना पुन्हा पुन्हा क्लॅम्प केलं तर होईल, टाकीही उतरत ५ बारवर येईल आणि स्विच ५.२ ला चालू होणार नाही. ते बरोबरच आहे, त्या वेळी पकड खरोखरच कमी असते. उपाय स्विच खाली आणण्यात नाही, लाइन सुधारण्यात आहे. मेन पाइप किती जाड आहे, कॉम्प्रेसरपासून किती वळणं आहेत, आणि एअर गनला स्वतःचा रेग्युलेटर लावून ती ३ बारवर आणता येते का ते बघा. चिप उडवायला ६ बार लागत नाही.

---

लॅडर_सातपूर

हाताने लोडिंग असेल तर माझं स्पष्ट मत: अनक्लॅम्प पेडलनेच. प्रोग्रामने जॉब आपोआप सोडून मिळतात ते दोन सेकंद, आणि ऑपरेटरचा हात जबड्याजवळ असताना जबडा हलण्याची शक्यता वाढते. जॉब पॅरललवरून घसरून खाली पडतो ते वेगळंच. एम ८२ रोबो किंवा ऑटो डोअरसाठी आहे.

तुमच्या बाबतीत एम कोडचं खरं काम व्हाइस हलवणं नाही, व्हाइस धरला आहे याची खात्री करून घेणं आहे. पेडलने क्लॅम्प झालेला असेल तर प्रोग्रामच्या सुरुवातीचे एम ८१ आणि एम ८३ फक्त प्रेशर बघतील, व्हॉल्व्हला पुन्हा पल्स जाईल आणि काहीच हलणार नाही. नसेल तर तीन सेकंदांत अलार्म. दार बंद झाल्यावर उघडा व्हाइस एम ८१ ने आपोआप क्लॅम्प होऊ द्यायचा की नुसता अलार्म द्यायचा, हे ठरवून घ्या. मी अलार्म ठेवतो. व्हाइस उघडा राहिला याचा अर्थ जॉब नीट बसवला गेलाच नाही, असाही असू शकतो.

पेडल दोन घ्या. क्लॅम्पचं साधं, अनक्लॅम्पचं वरून झाकण असलेलं. एकाच पेडलवर "एकदा दाबलं की बंद, पुन्हा दाबलं की उघडं" असं केलं तर पाय दोनदा पडला की काय झालं ते कळत नाही.

---

फिक्स्चर_शिरोली

हवा आणि लॅडर दोन्ही व्यवस्थित आलं आहे. पण १२ किलोन्यूटन या कटाला पुरतात का, हे कोणीच मोजलेलं नाही. स्विचची ४.२ बारची मर्यादा त्यावरच ठरायला हवी.

साधा हिशेब. एंडमिल १६ मि.मी., चार दाती, कटिंग स्पीड १२० मीटर, म्हणजे सुमारे २३९० आरपीएम. फीड दाताला ०.०८ म्हणजे मिनिटाला ७६५ मि.मी. खोली १०, बाजूचा कट ४ मि.मी. ईएन८ साठी कटिंगचा विशिष्ट जोर २००० न्यूटन प्रति चौरस मि.मी. धरा. पॉवर १ किलोवॉटच्या आसपास येते आणि कटरच्या परिघावरचा सरासरी जोर ५१० न्यूटन. पण व्हाइसला सरासरी नाही, शेंडा सोसावा लागतो. बाजूचा कट व्यासाच्या चौथ्या हिश्श्याचा असल्याने दात ६० अंशच जॉबमध्ये असतो, म्हणजे एका वेळी एकच दात. चिपची कमाल जाडी ०.०६९, त्याला १० आणि २००० ने गुणलं की १३८० ते १३९० न्यूटन.

आता पकड. जबड्याला समांतर दिशेने जॉब फक्त घर्षणाने थांबतो. गुळगुळीत जबडा, कूलंट चालू, तर घर्षणांक ०.१५ हून जास्त धरू नका. दोन जबडे, म्हणून २ × ०.१५ × १२००० = ३६०० न्यूटन. सुरक्षेसाठी अडीचने भागलं की १४४०. तुमचा कट १३९०. म्हणजे ६ बारला बसतो, पण काठावर. ४.२ बारला पकड ८.४ किलोन्यूटन, घर्षण २५२० न्यूटन. सुरक्षा अडीचवरून १.८ वर येते, आणि तीही कटर नवा असताना. धार गेली की जोर बराच वाढतो. तेव्हा या कटासाठी फीड होल्डची मर्यादा ४.२ नाही, ४.८ ठेवा आणि संदेशाची ५.२. क्लॅम्प पक्का झाल्याचा आकडाही त्याच्या वर, ५.४ ला न्या. किंवा खाचा पाडलेले जबडे लावा, घर्षण बरंच वाढतं, पण जॉबवर खुणा उठतात. आणखी एक, हेलिक्स असलेला (पीळदार दातांचा) एंडमिल जॉबला वर खेचतो, आणि तो जोरही याच घर्षणाने पेलायचा असतो.

(१०० मि.मी.च्या एका पिस्टनला ६ बारला सुमारे ४.७ किलोन्यूटनच मिळतात. १२ येतात ते एकावर एक पिस्टन लावून किंवा पाचर-लिव्हरने. तुमच्या व्हाइसमध्ये यातलं काय आहे ते बघून ठेवा, पुढे कारण येईल.)

प्रेशर स्विच एक गोष्ट कधीच सांगत नाही: जॉब आहे की नाही. जबडा रिकामा पूर्ण चाल मिटला तरी प्रेशर ६ बार येतं. जॉब पॅरललवर तिरका बसला, खाली चिप राहिली, तरी ६ बारच. दोन व्हाइसपैकी एक रिकामा ठेवून चालवायचं असेल तर हे आलंच. त्यासाठी जॉब टेकतो त्या पायरीत १.५ मि.मी.चं भोक पाडून त्यातून थोडी हवा सतत सोडा, मागे एअर गॅप सेन्सर. जॉब टेकला की मागचं प्रेशर चढतं, ०.१ मि.मी. फट राहिली तरी फरक कळतो. हवा सतत बाहेर येत असल्याने भोकात कूलंट आणि चिपही जात नाही. हा सिग्नल एम ८१ च्या फिनमध्ये प्रेशर स्विचच्या सोबतीला घ्या. चिप राहून जॉब तिरका बसतो, हीच चूक मला सर्वात महाग वाटते, कारण ती मापात निघते आणि तोवर दहा-वीस जॉब झालेले असतात.

पातळ भिंतीचे जॉब पुढे येणार असतील तर दोन प्रेशरची सोय आत्ताच करून ठेवा. रफिंगला ६ बार, फिनिशिंगला २.५. पण रेग्युलेटर मुख्य व्हॉल्व्हच्या आधी लावू नका. आतून पायलट घेणाऱ्या सोलेनॉइड व्हॉल्व्हला स्पूल हलवायलाच दीड-दोन बार लागतात, २.५ वर तो कधी हलेल, कधी अडकेल. एक तर बाहेरून पायलट घेणारा व्हॉल्व्ह घ्या, नाहीतर ४ नंबरच्या लाइनमध्ये, चेक व्हॉल्व्हच्या अलीकडे, दोन रेग्युलेटर आणि निवडीसाठी ३/२ व्हॉल्व्ह. रेग्युलेटर जादा हवा बाहेर सोडणारा, म्हणजे रिलीव्हिंग हवा, नाहीतर ६ चे २.५ होणारच नाहीत. आणि चेक व्हॉल्व्ह तर मागे हवा सोडतच नाही, त्यामुळे त्या व्हाइसवर दोन्हीपैकी एकच गोष्ट मिळेल. पातळ जॉबच्या व्हाइसवरून चेक व्हॉल्व्ह काढा आणि तिथे ट्यूब चांगली झाका. प्रेशर स्विच दोन आउटपुटचा घ्या, एक रफिंगच्या मर्यादेला, दुसरा २.० ला. कोणता बघायचा ते लॅडर ठरवेल.

पाचरीचा प्रश्न इथे येतो. पाचरीचा कोन इतका कमी असेल की ती स्वतःच अडकून बसते, तर प्रेशर ६ वरून २.५ वर आणलं तरी पकड उतरत नाही. जॉब तसाच वाकलेला राहतो, फिनिश कट त्यावरच होतो आणि सोडल्यावर भिंत परत येते. अशा व्हाइसमध्ये पूर्ण सोडून पुन्हा २.५ वर धरावं लागतं, आणि मग जॉब हलला नाही ना ते प्रोबने बघावं लागतं.

---

चाकण_दुसरी_पाळी

याच धाग्यात विचारतो. आमच्या मशीनचा लॅडर पासवर्डने बंद आहे आणि वॉरंटी चालू आहे. मग काहीच करता येत नाही का? मॅक्रोने #१००० वाचून जमेल का?

---

लॅडर_सातपूर

मॅक्रो म्हणजे प्रोग्राममध्येच लिहिलेलं लॉजिक. त्यातला #१००० हा जी ५४.० बिट वाचतो, आणि प्रेशर स्विचचा एक्स (इनपुटचा) पत्ता जी ५४.० वर आणायला लॅडरमध्येच ओळ लागते. बनवणाऱ्याने ती आधीच दिली असेल तरच जमेल. दिली असेल तर सुरुवातीला "#१००० शून्य असेल तर #३००० = १" एवढं पुरतं, ३००१ नंबरचा अलार्म येतो. पण कंट्रोल पुढच्या ओळी आधीच वाचून ठेवतो, त्यामुळे ही तपासणी आधीची हालचाल संपण्यापूर्वीच होऊन जाते. तिच्याआधी पुढचं वाचन थांबवणारा एम कोड हवा. तो ३४११ ते ३४२० या पॅरामीटरमध्ये भरता येतो. शिवाय ही तपासणी फक्त त्या क्षणाची आहे, कट चालू असताना प्रेशर पडलं तर मॅक्रोला कळणार नाही. वॉरंटीत असताना मशीन बनवणाऱ्याकडूनच हे काम करून घ्या. लिहून देताना "दोन एम कोड, दोन इनपुट, *एसपीला इंटरलॉक" असं नेमकं मागा.

तोवर व्हॉल्व्ह, टाकी, चेक व्हॉल्व्ह आणि दाराजवळ दिसेल असा हिरवा-लाल दिवा एवढं लॅडरला हात न लावता होतं. दिवा थेट प्रेशर स्विचच्या रिलेवरून घ्या, मशीनच्या पॅनेलमधून नाही.

---

हवा_आणि_व्हॉल्व्ह

@भोसरी, सगळं बसल्यावर उत्पादन सुरू करण्याआधी हे करून बघा. स्पिंडलमध्ये कटर नको.

दोन्ही व्हाइसमध्ये जॉब धरून इमर्जन्सी दाबा. जबडा हलता कामा नये. मग मेन स्विच बंद करून पाच मिनिटांनी चालू करा, पडद्यावरची स्थिती आणि खरी स्थिती एकच आहे ना ते बघा. मग मेन एअर कॉक बंद करा आणि व्हाइसवरचा गेज दहा मिनिटं बघा. ०.५ बारहून जास्त उतरला तर आधी साबणाच्या पाण्याने कनेक्टर तपासा, ते कोरडे निघाले तर व्हॉल्व्हच्या ३ आणि ५ नंबरच्या एक्झॉस्टवर बोट ठेवा. क्लॅम्प असताना ५ मधून सतत हवा लागत असेल तर स्पूलचा सील गळतोय, ३ मधून लागत असेल तर बहुधा व्हाइसच्या पिस्टनचा. नंतर व्हाइस क्लॅम्प ठेवूनच चेक व्हॉल्व्हच्या मागची ट्यूब काढा. आधी टाकीचा कॉक बंद करा, नाहीतर ट्यूब फटकारते. शेवटी जॉबशिवाय ड्राय रन चालू असताना रेग्युलेटर हळूहळू उतरवा आणि कोणत्या आकड्याला संदेश येतो, कोणत्या आकड्याला फीड थांबते ते लिहून ठेवा. चेक व्हॉल्व्ह असलेल्या व्हाइसवर रेग्युलेटर उतरवून काहीच होणार नाही, तिथे हवा सोडायच्या बटणाने थोडी थोडी सोडा. हे आकडे सेटिंगपेक्षा ०.२ बारहून जास्त सरकलेले निघाले तर स्विचचा शून्य बिंदू पुन्हा लावा.